लाल पुस्तकाची शेवटची सोळा पानं

२ जुलै १९९७

तिन्ही मुलांच्या जागा बसवनगुडीतल्या शाळेत दसऱ्यापर्यंत राखून ठेवल्या आहेत. वृत्ताला आप्पाजींनी दुजोरा दिला. जागा राखायला सांगणारेही तेच, त्यामुळे शंकेला वाव नाही.

बेळगावच्या दैनिकात चौदा वर्षं उपसंपादक म्हणून काढली की लिहायची एकच रीत हाताला राहते. ताजी घटना आधी, ती कुणी सांगितली ते लगेच, आणि पुढे काय होणं अपेक्षित आहे ते शेवटी. मधल्या मजकुराला जागेप्रमाणे कात्री. दैनंदिनीही तशीच लिहिणार.

मधला मजकूर असा. कावेरीची टेलिफोन खात्यातली बदली बेंगळूरला झाली, म्हणजे तिच्या माहेरी; घराणं पिढ्यानपिढ्या इथलं, पण मराठीच. मी वर्षाची रजा घेऊन मागोमाग आलो. मुलं बेळगावात मराठी शाळेत होती. इथल्या शाळेच्या बाईंनी सांगितलं, अक्षरा तेरा वर्षांची असली तरी आठवीत नाही, सहावीत बसेल. अक्षरा बाईंच्या समोर रडली नाही. रिक्षात बसल्यावर रडली ती थेट घरापर्यंत. रिक्षावाल्यानं मागे न बघता विचारलं, "यारू होडेदरू?" कुणी मारलं, म्हणून.

घरी येऊन मी जाहीर करून टाकलं की हे वर्ष मुलं घरीच शिकतील. साहित्य मी, गणित कावेरी. पुढच्या वर्षी अक्षरा प्रवेशपरीक्षा देऊन थेट नववीत बसेल. कावेरी म्हणाली, "संपादकमहाराज, बातमी आधी घरात तरी द्यायची."

आप्पाजी म्हणजे कावेरीचे थोरले काका. वय चौऱ्याहत्तर, एकतीस वर्षं शाळा तपासनीस, राहतात दोन गल्ल्या सोडून. त्यांची अट: विजयादशमीला ते तिन्ही मुलांची परीक्षा घेणार. समाधान झालं नाही तर दसऱ्याची सुटी संपताच मुलं शाळेत. अक्षरा सहावीत.

अपेक्षित: उद्यापासून पुस्तकांचा तक्ता.


५ जुलै

तक्ता पूर्ण. कावेरीनं पाहिला आणि "छान रेघा मारल्यात" असं म्हणाली.

अभिजात साहित्याचे तीन स्तंभ आहेत. पहिल्यात अक्षरा, वय तेरा: जुनी हजारपानी सामाजिक कादंबरी. दुसऱ्यात यशोवर्धन, वय नऊ: शंभर वर्षांपूर्वीचं एक काशीयात्रेचं वर्णन. तिसऱ्यात सौम्या, वय साडेपाच: नीतिकथा, प्रत्येकीच्या शेवटी तात्पर्य. कुणी कुणाच्या स्तंभात पाय घालायचा नाही. वयाबाहेरचं पुस्तक म्हणजे मापाबाहेरचा बूट, हे मी मुलांना समजावून सांगितलं.

"मी ताईचे बूट घालते," सौम्या म्हणाली.

"आणि पडतेस," यशू म्हणाला.

"पण घालते."

पुस्तकं अव्हेन्यू रोडच्या फुटपाथवरून आणली. मराठी पुस्तकं तिथे गठ्ठ्यानंच मिळतात, सुटी देत नाहीत. गठ्ठ्यात एक लाल कापडी बांधणीचं जाडजूड पुस्तक आलं आहे. मुखपृष्ठ नाही, लेखकाचं नाव नाही. सुरुवातीलाच कुणी सुभानजी जासूद राणीचा सीलबंद खलिता घेऊन घोडीवर बसतो. लेखक कोण ते ठाऊक नसेल तर पुस्तक अभिजात कसं ठरवणार? वाचनाच्या टेबलाचा एक पाय तोकडा आहे, त्याच्याखाली ठेवून दिलं. टेबल आता डुगडुगत नाही.


१४ जुलै

पहिल्या आठवड्याची प्रगती समाधानकारक. दुजोरा देणारं कुणी नाही.

अक्षरानं सामाजिक कादंबरीची बावीस पानं वाचली. विचारलं काय झालं, तर म्हणाली, "बाबा, ते लोक अजून ओसरीवरच बसलेत. एकानं सुपारी कातरायला घेतलीय." यशूचे यात्रेकरू पहिल्या मुक्कामावर पोटदुखीनं अडकले आहेत. सौम्यानं नीतिकथांबद्दल तक्रार केली: "यात सगळे शेवटी शहाणे होतात. मग दंगा कुणी करायचा?"

मी सांगितलं की अभिजात साहित्याला वेळ द्यावा लागतो.

"किती?" यशू.

मी तक्त्यात एक रेघ वाढवली.


२२ जुलै

अक्षराची सामाजिक कादंबरी सापडत नाही. घरातल्या सर्वांनी कानावर हात ठेवले आहेत.

तिघांच्या चेहऱ्यावर इतकं निष्पाप कुतूहल मी बेळगावच्या पालिका सभेतही पाहिलं नव्हतं. कपाटं, माळा, कावेरीची ट्रंक, सगळं पाहून झालं. टेबलाशी बसून विचार केला. टेबल अगदी पक्कं आहे.

योगायोगानं अक्षराच्या हाती ते लाल पुस्तक दिसलं. म्हणाली, "बाबा, ती मिळेपर्यंत हे वाचू? पण याची भाषा जुनी आहे. तुम्ही वाचून दाखवाल? तुम्ही वाचता तेव्हा नीट कळतं."

चौदा वर्षांत कुणी मला असं म्हटलं नव्हतं. तात्पुरती सोय म्हणून परवानगी दिली. रोज दुपारी चार ते पाच, फक्त अक्षरा. यशू आणि सौम्या शेजारच्या खोलीत आपापल्या स्तंभात.

अपेक्षित: कादंबरी सापडताच पूर्ववत.


४ ऑगस्ट

यशूची एकाग्रता थक्क करणारी आहे. मी स्वतः पाहिलं.

चार ते पाच तो दाराच्या आडोशाला काशीयात्रा मांडीवर घेऊन बसतो. तासाभरात एक पान उलटत नाही, इतका खोल वाचतो. सौम्या दिवाणाखाली झोपते. आज सुभानजी तिसऱ्या नदीत उतरला आणि त्याची घोडी मैना भोवऱ्यात सापडली, तेव्हा दिवाणाखालून "मैना!" असा आवाज आला. स्वप्न पडलं असणार.

लाल पुस्तकाबद्दल थोडं नोंदवून ठेवतो. सुभानजीनं सात नद्या ओलांडून खलिता गडावर पोचवायचा आहे. सील फोडायचं नाही, अशी शपथ आहे. मागावर कारभारी. त्याच्या एकाच हातात मोजा असतो आणि तो का असतो ते लेखक सांगतच नाही. शैली फार पसरट. प्रत्येक प्रकरण नेमकं नको तिथे तुटतं. माझ्याकडे हस्तलिखित आलं असतं तर परत पाठवलं असतं.

आज चुकून दोन प्रकरणं जास्त वाचली गेली.


१२ ऑगस्ट

आप्पाजींनी परीक्षेपूर्वी तपासणी सुरू केली आहे. ते स्वतःच येऊन बसले, त्यामुळे दुजोऱ्याचा प्रश्न नाही.

पावणेचारला दारात उभे. काळा कोट, तपकिरीची डबी, तपासणीची वही. मी उभाच राहिलो.

"बसा, बसा, जावईबापू. वाचा तुम्ही. मी नाही असं समजा."

नाही असं समजायला ते खुर्चीभर होते. मी वाचायला घेतलं. सुभानजी नावेत चढतो, नावाडीण त्याच्याकडे बघून हसते आणि तिच्या कमरेला कारभाऱ्याचा मोजा दिसतो. प्रकरण समाप्त. पाच वाजले, मी पुस्तक मिटलं. आप्पाजींनी खुर्चीच्या हातावर थाड्कन हात आपटला.

"हे काय? इथे थांबायचं? इथे?"

"पाच वाजले, आप्पाजी."

"कुणी सांगितलं पाच वाजले?" घड्याळ पाहिलं, तपकीर ओढली, वहीत काहीतरी खरडलं आणि उठले. "उद्या येईन. तपासणी अशी एका दिवसात होत नाही."

माझा अंदाज: वाचनाची पद्धत त्यांना पसंत नाही. वहीत अर्धं पान भरलं होतं.


२९ ऑगस्ट

तपासणी रोज चालू आहे. रविवारीही. एकदाही गैरहजर नाहीत.

आजपासून वाचनाची वेळ साडेतीन करावी असं आप्पाजींनी सुचवलं. माणूस कामात कडक, हे मान्य केलं पाहिजे.

इतर नोंदी. घरमालकीण भाग्यलक्ष्मी, म्हणजे आमच्या भाग्यक्का, खाली राहतात. मराठी येत नाही. तरी रोज दुपारी आमच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर तांदूळ निवडत बसतात. तिथे उजेड बरा असावा. कावेरीचं ऑफिसातलं काम अलीकडे लवकर आटोपतं. विचारलं तर म्हणाली, "लाईन टेस्टिंग घरूनही करता येतं." मग फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि दारापाशी उभी राहिली, पाचपर्यंत.

यशू यात्रावर्णन सोडून नकाशे काढतो. सात नद्या, उतार, नावा, वस्त्या, सगळं एका मोठ्या कागदावर. सौम्या रोज भाकरीचा तुकडा गॅलरीच्या कठड्यावर ठेवते. "मैना दमलीय," म्हणते. अक्षरा माझ्याशी भांडते: राणीला दिलेल्या शपथेपेक्षा माणसाचा जीव मोठा की लहान? खलिता उघडून वाचला असता तर नावाडीण वाचली असती की नाही? तासभर वाद झाला. मी हरलो, पण वेळही गेला.

तक्त्याप्रमाणे आतापर्यंत तिघांची मिळून सहा पुस्तकं व्हायला हवी होती. झालं आहे पाऊण.


१६ सप्टेंबर

दसऱ्याला पंचवीस दिवस उरले. कॅलेंडरवरून खात्री केली, दोनदा.

आज मन लागत नाही. खरं लिहितो. बेळगावात असताना अक्षरा वर्गात तिसरी होती. शाळेच्या हस्तलिखिताची संपादक होती. तिला दोन इयत्ता खाली, अकरा वर्षांच्या मुलींच्या बाकावर बसवण्याचा निर्णय माझ्या एका तक्त्यावर अवलंबून आहे आणि तो तक्ता मोडला आहे. आप्पाजी विचारणार, काय वाचलंत? मी काय सांगणार? एक बेनाव पुस्तक, तेही फक्त मोठीला. लहान दोघांना तर काहीच नाही.

कावेरीला म्हटलं, "मी मुलांचं वर्ष वाया घालवतोय बहुतेक."

ती भेंडी चिरत होती. सुरी थांबवून तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसत म्हणाली, "अय्यो, तुम्ही बातम्या कशा काय शोधत होता हो तिकडे?"

बायकोला परिस्थितीचं गांभीर्य नाही.


६ ऑक्टोबर

सुभानजी गडावर पोचला. पान ३६८.

आज खोलीत गर्दी होती. यशूला मी आत बोलावलं, सरावासाठी. सौम्या जागी होती. भाग्यक्का पायरीवरून उंबऱ्यापर्यंत सरकल्या आहेत. आप्पाजी सव्वातीनला हजर. तपासणीची वही भरली म्हणून दुसरी आणली.

दरबारात राणी नाही. सिंहासन रिकामं. कारभारी मोजा काढतो आहे, आणि दाराबाहेर मैना एकदा खिंकाळते. सुभानजी म्हणतो, शपथ राणीला दिली होती, रिकाम्या सिंहासनाला नाही. तो लाखेवर खंजीर टेकवतो आणि

तिथे एक फॉर्मा, शिवलेल्या पानांचा गठ्ठा, संपला. पाचही वाजले. उरली सोळा पानं. मी म्हटलं, उद्या संपवू.

"उद्या!" आप्पाजी म्हणाले. चार मिनिटं ते खुर्चीतून उठलेच नाहीत.


७ ऑक्टोबर

वाचन होऊ शकलं नाही. कारण कावेरीनं सांगितलं, आप्पाजींनी पुष्टी केली, फार जड आवाजात.

आज मूळ नक्षत्र. यांच्या घरात या दिवशी सरस्वती मांडतात. घरातली सगळी पुस्तकं, वह्या, दौती पाटावर रचून पूजा करतात, आणि विजयादशमीपर्यंत कुणी एक अक्षर वाचायचं नाही. आमच्याकडे दसऱ्याला पाटीपूजन असतं, पण चार दिवस वाचनबंदी मी ऐकली नव्हती.

"सोळा पानं आहेत फक्त," मी म्हटलं.

"तुमच्याकडे असेल तसं," कावेरी म्हणाली. "आमची माणसं तीनशे वर्षं इथे राहिली, या चार दिवसांत कुणी पंचांगसुद्धा उघडलं नाही. होय ना, आप्पाजी?"

आप्पाजींनी लाल पुस्तकाकडे पाहिलं. "होय," म्हणाले. कुणाच्या मयताला आल्यासारखे.

लाल पुस्तक ढिगाच्या अगदी वर, त्यावर एक झेंडू. आज वर्तमानपत्रही वाचायचं नाही म्हणतात. ही दैनंदिनी लिहिणं म्हणजे वाचणं नव्हे, असा अर्थ मी काढला आहे.


८ ऑक्टोबर

यशूनं सकाळी विचारलं, "बाबा, फॉर्मा म्हणजे काय? आणि बांधणाऱ्यानं चुकून दुसऱ्याच पुस्तकाचा लावला तर?"

मला फार बरं वाटलं. वाचनबंदीतही मुलाला छपाईचं कुतूहल. मोठा कागद घडी घालून सोळा पानं कशी होतात ते करून दाखवलं. गठ्ठे शेजारी शेजारी ठेवलेले असतात, बांधणाऱ्याचा हात चुकला तर एका पुस्तकाचं शेपूट दुसऱ्याला लागतं, हेही सांगितलं. त्यानं सुस्कारा सोडला आणि "म्हणजे होतं असं" एवढंच म्हणाला.

लाल पुस्तकावरचा झेंडू काल डावीकडे होता, आज उजवीकडे आहे. वारा.


९ ऑक्टोबर

घरात विचित्र शांतता. कारण समजू शकलं नाही.

अक्षरा सकाळपासून आतल्या खोलीत काहीतरी लिहीत बसली आहे. लिहायला बंदी नाही असा दाखला तिनं माझ्याच दैनंदिनीचा दिला. सौम्यानं जेवताना विचारलं, "आई, कैरीला मीठ आधी लावतात की हळद?" दसऱ्यात कैरी कुठून आठवली हिला? कावेरीला एकदम ठसका लागला. दुपारी भाग्यक्कांनी खालून वाटीभर मावीनकायीचं, म्हणजे कैरीचं लोणचं पाठवलं. काही निमित्त नव्हतं. वाटी देताना माझ्याकडे फार दयेनं बघत होत्या.

आप्पाजी साडेतीनला आले. वाचन नाही हे माहीत असून. म्हणाले, "देवीपुढे स्वल्प बसतो." मी बाजारातून नारळ घेऊन आलो तोवर गेले होते. इतका भाविक माणूस मी समजलो नव्हतो.


१० ऑक्टोबर

लाल पुस्तकाच्या पानांत मागच्या बाजूला बारीक तपकिरी भुकटी दिसली. मी पुस्तक उघडलं नाही, कडेनंच पाहिलं.

वाळवी असावी. दसरा झाला की उन्हात ठेवायला हवं. वास मात्र तिखट आहे, मला दोनदा शिंक आली.

अपेक्षित: उद्या विजयादशमी. सकाळी पूजा उतरवणं, दुपारी साडेतीनला उरलेलं वाचन, त्यानंतर लगेच परीक्षा. मुलांना मी सांगितलं, घाबरायचं नाही. तिघंही अजिबात घाबरलेली नाहीत. मीच पाणी पितो आहे सारखा.


११ ऑक्टोबर, विजयादशमी

निकाल लागला. तो खाली क्रमानं देतो, कारण आज बातमी आधी सांगायला मन तयार नाही.

सगळे जमले. कावेरीनं भाग्यक्कांना उंबऱ्यावरून आत खुर्चीत बसवलं आणि अर्थ सांगायला स्वतः शेजारी बसली. मी पान ३६८ पासून पुन्हा घेतलं. दरबार, रिकामं सिंहासन, मोजा, मैनेचं खिंकाळणं. आवाज जरा चढवला. "सुभानजीने लाखेवर खंजीर टेकवला आणि..."

पान उलटलं.

"...कैऱ्या स्वच्छ धुऊन, फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात. कोयी टाकून द्याव्यात."

चौदा वर्षांची सवय. हाती आलेला मजकूर मी थांबून वाचत नाही. मीठ, मोहरीची डाळ, हिंग, तेल कडकडीत तापवून गार करण्यापर्यंत गेलो. मग थांबलो. सोळाही पानं चाळली. लोणची. शेवटचं भोकराचं.

मी वर पाहिलं. मला वाटलं होतं रडारड होईल, आरडाओरडा होईल. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नाही. आप्पाजी छताकडे बघत होते. यशू बोटं मोजत होता. कावेरीनं पदर तोंडाला लावला होता, तिचे खांदे हलत होते, बहुधा दुःखानं. एवढा मोठा अपेक्षाभंग आणि इतका संयम! मला एकट्यालाच घाम फुटला होता.

"सरी, ठीक," आप्पाजी खाकरले. "परीक्षा. प्रश्न एकच. सुभानजीच्या खलित्यात काय होतं? धाकटीपासून."

मी उठून म्हणालो, "आप्पाजी, हे योग्य नाही. तो भाग पुस्तकातच नाही. शिवाय हे पुस्तक फक्त अक्षराचं होतं, बाकी दोघांनी..."

"जावईबापू, सुम्ने बसा."

सुम्ने म्हणजे गुपचूप. बसलो.

सौम्या उभी राहिली, फ्रॉक सारखा केला. "खलित्यात लिहिलं होतं की घोडीला आता सोडून द्या. सात नद्या तिनंच ओलांडल्या. हा नुसता वर बसला होता. शपथपण तिलाच द्यायला हवी होती."

आप्पाजींनी वहीत लिहिलं.

यशूनं नकाशा जमिनीवर पसरला. चारही कोपऱ्यांवर आम्हाला पाय ठेवायला लावले. "पाचवी नदी डाव्या हाताला उगवतीकडे जाते, सहावी उजव्या हाताला. सगळे मुक्काम जोडले की गोल होतो. म्हणजे शेवटचा गड हा पहिलाच गड आहे. राणीनं खलिता स्वतःलाच पाठवला. कारभारी सुभानजीच्या मागे सात नद्या फिरला, तेवढ्यात ती मागच्या दारानं निघून गेली. म्हणून सिंहासन रिकामं."

मी नकाशावर बोट फिरवलं. गोल होता. एकदा नाही, तीनदा फिरवलं. हे पुस्तक मी मोठ्यानं वाचलं, शब्द न् शब्द, आणि मला ते दिसलं नव्हतं.

अक्षरानं चार पानं काढली. तिच्या अक्षरात, पण भाषा थेट लाल पुस्तकाची. तिच्या शेवटात खलिता कोरा आहे. राणीला फक्त एवढंच पाहायचं होतं की हा माणूस शपथ मोडतो का, आणि मोडली तर कुणासाठी. सुभानजी कोरा कागद बघतो आणि त्याला नावाडीण आठवते. जिच्यासाठी मोडायला हवी होती तिच्यासाठी त्यानं ती मोडली नव्हती. शेवटचं वाक्य मैनेच्या टापांवर.

मी खिशातली लाल पेन्सिल काढली होती. चारही पानांत एक ओळ कापायला सापडली नाही.

भाग्यक्का डोळे टिपत कन्नडमध्ये काही म्हणाल्या. कावेरीनं सांगितलं, "त्या म्हणतात, नावाडीण मेली त्या दिवशी त्या जेवल्या नव्हत्या." मला आश्चर्य वाटलं. मराठी येत नाही ना त्यांना?

"तिन्ही उत्तरं चूक," आप्पाजी म्हणाले.

अक्षरानं कागद घट्ट धरले.

आप्पाजींनी दुसरी तपासणी वही उघडली, चष्मा लावला. "बरोबर उत्तर असं," म्हणाले आणि वाचू लागले. अकरा पानं. स्वतः लिहिलेली. कारभारी हाच राणीचा हरवलेला भाऊ, मोज्याखाली राजघराण्याची खूण, तुंबळ लढाई, मैनेला सोन्याचा साज. वाचताना ते दोनदा उभे राहिले, एकदा काठीनं वारही केला. फार पसरट झालं आहे. पण मुलं टाळ्या पिटत होती आणि एकतीस वर्षं शाळा तपासलेला तो माणूस लाजून लाल झाला होता.

"दोड्ड सुळ्ळू, आप्पाजी!" कावेरी ओरडली. मोठी थाप.

"तुझी काय आहे ती सांग की मग!"

अर्धा तास नुसता गोंधळ. कुणाचा शेवट खरा यावरून सौम्या आप्पाजींच्या मांडीवर चढून भांडत होती. मग त्यांनी माझ्याकडून कागद मागितला आणि शाळेच्या बाईंना पत्र लिहिलं. नक्कल इथे उतरवतो: "राखून ठेवलेल्या तिन्ही जागा कृपया इतर गरजूंना द्याव्यात. ही मुले सध्या कामात आहेत."

अक्षरानं ते पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे आली, माझ्या हातातली लाल पेन्सिल काढून घेतली आणि आपल्या कानामागे खोचली.


१८ ऑक्टोबर

लाल पुस्तकाची धड प्रत सापडली. धारवाडच्या हणमंतरावांनी कळवलं. कावेरीनं ट्रंक कॉल लावून खातरजमा केली. शेवटची सोळा पानं जागेवर आहेत, लोणची नाहीत.

हणमंतराव आप्पाजींचे जुने सहकारी, घरात पुस्तकांच्या चार खोल्या. आप्पाजींनी त्यांना चौकशीचं कार्ड टाकलं होतं. ते कार्ड हणमंतरावांनी उत्तरासोबत परत पाठवलं आहे. त्यावर तारीख ९ ऑक्टोबर आहे, म्हणजे लोणचं निघण्याआधी दोन दिवस. तारीख टाकताना चुकले असावेत. वय झालं.

फोनवर मी सहज विचारलं, "निदान खलित्यात काय आहे तेवढं सांगा."

"छे! आप्पाजींनी सक्त ताकीद दिलीय," हणमंतराव म्हणाले. "आणि पुस्तक मी टपालानं देणार नाही. मी स्वतः घेऊन येतो. मला तुमचे चारही शेवट ऐकायचेत."

चार नव्हे, पाच. कालपासून माझाही तयार आहे. कुणाला दाखवलेला नाही. कारभाऱ्याच्या मोज्याचं काय करावं ते मला एकट्यालाच बरोबर कळलं आहे.

किरकोळ: नवा तक्ता केला. एकच स्तंभ आहे, वर तिघांची नावं. खाली आप्पाजींनी स्वतःचंही लिहिलं, त्याखाली कन्नडमध्ये भाग्यक्कांचं आहे. अक्षराची सामाजिक कादंबरी अजून सापडलेली नाही. टेबल मात्र अजिबात डुगडुगत नाही.

अपेक्षित: हणमंतराव उद्या सकाळी सहाच्या गाडीनं पोचतील. यशू आणि मी स्टेशनवर जाऊ. भाग्यक्कांकडून सहा खुर्च्या मागवल्या आहेत. मैनेसाठी सौम्या भाकरी नव्हे, पुरणपोळी ठेवणार आहे. वाचन साडेतीनला. आप्पाजी दोनलाच येतील.